युरोपवारीचे अंदाजपत्रक

बँकेच्या काउंटरमागे चोवीस वर्षे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कोणतीही गोष्ट दोन रकाने पाडल्याशिवाय त्याला कळत नाही. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मी तर कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे माझी ही खोड सशास्त्र आहे. मेथी घ्यावी की पडवळ, हा प्रश्नसुद्धा मी मनातल्या मनात दोन रकान्यांत मांडतो. बेरीज होईपर्यंत बाजारातली मेथी संपते. आमच्या घरी पडवळ फार होते, त्याचे कारण हे.

अशा माणसाला म्युनिकच्या भाच्याने गेल्या दिवाळीत फोन केला. "मामा, मे महिन्यात मामीला घेऊन पंधरा दिवस या. राहणं-जेवण माझ्याकडे. इथून स्वित्झर्लंड, इटली करून या. फक्त एवढं ठरवा, रेल्वेने फिरणार की भाड्याची मोटार घेणार? लवकर ठरवलंत तर स्वस्त पडेल."

"लवकर ठरवा" हे शब्द आमच्या घराण्यात कोणी मनावर घेतलेले नाहीत. कोकणात रेल्वे यावी यासाठी माझे वडील अर्जांवर सह्या करत आले आणि ती प्रत्यक्षात १ मे १९९८ ला राष्ट्रार्पण झाली, तेव्हा त्यांच्या चष्म्याचा नंबर चारदा बदलला होता. घाईने झालेल्या गोष्टींवर आमचा विश्वास नाही.

पण या वेळी सौ.ने ताबडतोब "येतो" असे सांगून टाकले आणि विणकाम पुढे सुरू केले. होय, विणकाम. रत्नागिरीत लोकरीचे विणकाम करणे म्हणजे राजस्थानात होड्या बांधण्यासारखे आहे. पण हल्ली तिच्या हातात सुया दिसत होत्या खऱ्या. भाच्यासाठी काहीतरी असेल, असे समजून मी विचारले नाही.

"अगं, खर्च केवढा!" मी म्हणालो. "बँकेची प्रवाससवलत परदेशाला चालत नाही. व्हिसाचीच फी माणशी नव्वद युरो आहे."

"छपरासाठी ठेवलेली ठेव मार्चमध्ये मुदत संपून येतेय," ती म्हणाली. ठेवीच्या तारखा बँकेतल्या माणसापेक्षा त्याच्या बायकोला जास्त पाठ असतात. "अहो, थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला. १९१६ साली तो इथेच गेला. म्हणजे तीस वर्षं. सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, तेरा वर्षं. मी २००२ पासून आहे. रत्नागिरीच्या स्थानबद्धांच्या यादीत मधला नंबर माझा."

आई आतून म्हणाली, "छप्पर गळतंय ते गळू दे आणखी एक पावसाळा. बादल्या आहेत घरात. जाऊन या."

एकमताने ठराव मंजूर. अध्यक्षांचे मत कोणी विचारले नाही.

राहिला वाहनाचा प्रश्न. तो मी एका दोनशे पानी वहीत दोन रकाने पाडून सुरू केला. वाचकहो, तुम्हांला सांगतो, आपल्याकडे स्वतः युरोपला न गेलेल्या माणसाइतका युरोपचा जाणकार दुसरा नसतो. बातमी फुटली आणि सल्ल्यांची आवक सुरू झाली.

पुण्याचे मेहुणे मोटारीच्या बाजूचे. "भाऊजी, गाडी म्हणजे स्वातंत्र्य! वाटेल तिथे थांबा, वाटेल तेव्हा निघा. रेल्वेचं वेळापत्रक कशाला गळ्यात बांधून घेता?" मेहुणे दर सुटीला आंबा घाटातून गाडी हाकत येतात आणि आल्यावर दोन दिवस कंबर शेकत पडतात. हे स्वातंत्र्य मी जवळून पाहिलेले आहे.

शेजारचे अण्णा एसटीचे निवृत्त चालक. ते म्हणाले, "गाडी घे, पण घाटात कोणाला वाट द्यायची ते आधी शिकून घे." मी चौकशी केली तेव्हा कळले, की स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यांवर पोस्टाच्या पिवळ्या बस धावतात. अरुंद वळणावर पहिला मान त्या बसचा. तिचा चालक सांगेल तसे इतरांनी मागे घ्यायचे, थांबायचे. हे ऐकून अण्णांचे डोळे पाणावले. "म्हणजे तिकडे पण यष्टीच राजा!" म्हणाले. "आम्ही आयुष्यभर हेच सांगत होतो, इथे ऐकलं कोणी?"

मग मी मोटारीचा रकाना भरायला घेतला. पहिली बाब, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आपल्याच आरटीओत मिळतो आणि वर्षभर चालतो. इथपर्यंत ठीक. दुसरी बाब, तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे, चाक डावीकडे, गिअर उजव्या हाताला. मी गाडी शिकलो चव्वेचाळिसाव्या वर्षी, तेही डाव्या हाताने गिअर टाकायला. सवय व्हावी म्हणून जेवणाच्या टेबलाशी बसून लाटण्याचा गिअर करून उजव्या हाताने सराव सुरू केला. तिसऱ्या गिअरमध्ये असताना सौ.ने लाटणे काढून नेले, कारण पोळ्या खोळंबल्या होत्या. आपोआप गिअर बदलणारी गाडी मिळते, पण तिचे भाडे बहुधा जास्त.

पुढच्या बाबी अशा. भाडे. त्यावर विमा. विम्यात जे येत नाही त्याचा आणखी एक विमा. अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवायची रक्कम, आणि ते कार्ड बहुतेक ठिकाणी चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर त्याचा वेगळा आकार. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर चाक टेकवायचे तर वर्षाचा पास घ्यायचा, चाळीस फ्रँकचा. तुम्ही एक दिवस जा नाहीतर तीनशे पासष्ट, किंमत तीच. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी. चुकून शिरलात तर कोणी शिट्टी मारत नाही की हात आडवा करत नाही. कॅमेरा फोटो काढतो आणि तुम्ही घरी परत येऊन सहल विसरत असता, तेव्हा दंडाचा कागद येतो. आमच्या पोस्टमनला इटलीचा दंड आणून दिल्याचा आनंद मी मिळू देणार नव्हतो.

आता रेल्वेचा रकाना. युरोपबाहेरच्या लोकांसाठी एक पास असतो, तेहेतीस देशांत चालणारा. महिनाभरात ठरावीक दिवस निवडायचे, त्या दिवशी वाटेल तेवढ्या गाड्यांत चढा-उतरा. वाचताना गहिवरून आले. मग बारीक अक्षर वाचले. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे. जर्मनी, स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांना ते लागत नाही. स्वित्झर्लंडच्या काचेच्या छपराच्या नामांकित गाड्यांना लागते, पण त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साधी गाडीही जाते आणि तिला लागत नाही. ही ओळ वाचून मला कोणीतरी आपल्यासारखा कारकून तिकडेही आहे, असा आधार वाटला.

रेल्वेची अडचण एकच. हमाल नाही. आपली बॅग आपणच ओढायची, फलाट बदलताना जिन्यावरून आपणच चढवायची. "मग बॅग लहान," सौ. म्हणाली. तूप आणि पेढे न्यायला युरोपात मनाई आहे हे कळल्यावर बॅग आपोआप लहान झाली.

आठ दिवस खपून मी एक सिद्धान्त काढला. मोटारीचे भाडे मोटारीला असते, रेल्वेचे तिकीट माणसाला असते. चार-पाच माणसे असतील तर मोटार स्वस्त, एकटा असेल तर रेल्वे स्वस्त. आणि आम्ही दोघे! लेकीची पुण्यात परीक्षा, ती येणार नव्हती. दोन्ही रकान्यांची बेरीज केली तर फरक पडला तो आमच्या छपराच्या चार-सहा कौलांएवढा. अंदाजपत्रकाने निर्णय द्यायला नकार दिला. असा प्रसंग माझ्या कारकिर्दीत प्रथमच आला.

तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, आधी रंगीत तालीम करून बघा की! कुडाळला माझ्या भाचीचा फेब्रुवारीत साखरपुडा आहे आणि एप्रिलमध्ये लग्न. साखरपुड्याला गाडीने जाऊ, लग्नाला रेल्वेने. काय ते कळेल."

बी.कॉम. मी आहे. पण हे मला सुचले नव्हते.

फेब्रुवारीत एक गाडी दिवसाच्या भाड्याने घेतली, चालकाशिवाय. हातखंब्याला महामार्गाला लागलो. या महामार्गाचा नंबर पूर्वी सतरा होता, आता सहासष्ट आहे. रस्ता तोच ठेवून नंबर जवळजवळ चौपट करता येतो, हे फक्त आपल्याकडे जमते. कुठे चार पदरी, कुठे दोन, कुठे "वळणरस्ता, सावकाश" अशी पाटी. मी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरले होते.

"अहो, ती काटेसावर बघा, एक पान नाही आणि सगळी फुलं!"

"कुठे?" मी म्हणालो. तोवर काटेसावर गेली होती.

लांज्याच्या अलीकडे ती म्हणाली, "ते बघा, किती लहान मुलगी एवढी मोठी म्हैस घेऊन चाललीय." मला पुढच्या ट्रकच्या पाठीवरचे "हॉर्न ओके प्लीज" दिसत होते. राजापूरला नदी आली, तेव्हा ती काही बोलली नाही. खारेपाटणला खाडी आली, तेव्हाही नाही. मी मनात म्हटले, चला, झोपली असेल. कणकवलीला वळून पाहिले तर ती जागी होती. एकटीच बाहेर बघत होती.

आम्ही साखरपुडा केला, परत आलो. रात्री गाडी मालकाला दिली, त्याने बॅटरी घेऊन चारी बाजूंनी ओरखडे शोधले. मी घरी येऊन वहीत लिहिले : गाडी, दोन्ही वेळा सुखरूप. खाली सही केली. पण ती "सुखरूप" पुरेशी वाटेना. एखाद्या दिवशी रोकड पैशापैशाने जुळते आणि तरी घरी जाताना वाटते, काहीतरी राहिले आहे, तसे झाले.

एप्रिलमध्ये लग्नाला रेल्वेने निघालो. रत्नागिरीचे स्टेशन रत्नागिरीत नाही, कुवारबावला आहे, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. तिथपर्यंत रिक्षा. तिकिटे उशिरा काढली होती, त्यामुळे मिळाली आरएसी. म्हणजे बाजूचा एक बाक दोघांत. दोघांनी समोरासमोर बसायचे, पाय कुठे ठेवायचे ते आपसांत ठरवायचे. पक्के आरक्षण मिळाले नाही म्हणून मी खट्टू होतो. बसलो आणि लक्षात आले, की तिच्याजवळ एक खिडकी आहे आणि माझ्याजवळही एक आहे.

गाडी दक्षिणेकडे निघाली आणि निवसर येण्यापूर्वी एकाएकी पायाखालची जमीनच नाहीशी झाली. पानवळ नदीचा पूल! चारशे चोवीस मीटर लांब, चौसष्ट मीटर उंच. खाली माडांचे शेंडे दातकोरण्यांएवढे दिसत होते. आम्ही मुंबईला जातो ते उत्तरेच्या अंगाने, साडेसहा किलोमीटरच्या करबुड्याच्या बोगद्यातून. दक्षिणेकडे गेलो ते रात्रीच्या गाडीने, झोपेत. घराच्या एवढ्या जवळचा हा पूल आम्ही दोघांनी दिवसाउजेडी कधी पाहिलाच नव्हता.

मी वही उघडली. "स्वित्झर्लंडमध्ये आपण तो लांडवासरचा पूल बघायला जाणार ना, जागतिक वारशाच्या रेल्वेमार्गावरचा? १९०२ चा. उंची पासष्ट मीटर. आणि लांबी आपल्या या पुलाच्या एक तृतीयांश."

"म्हणजे एक मीटर जास्त उंच बघायला आपण छप्पर मोडतोय?"

"तो दगडी आहे," मी म्हणालो. "कमानीही आहेत. शिवाय पूल संपला की गाडी थेट कड्याच्या पोटात शिरते."

ती इतकी हसली, की पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी डब्यातला लाडू काढून आम्हांला दिला. नवीन लग्न झालेले असावे असे त्यांना वाटले असेल काय? नसेल. माझ्याकडे बघून कोणालाही वाटणार नाही.

विलवड्याला गाडी थांबली. इथे एकच रूळ, समोरून दुसरी गाडी येणार, ती जाईपर्यंत आपण बाजूला उभे राहायचे. एरवी मी घड्याळ बघतो. त्या दिवशी बघण्यासारखे समोर होते. तिने पिशवीतून ते विणकाम काढले. करड्या रंगाचे, पुरुषी मापाचे.

"भाच्यासाठी का?" मी अखेर विचारले.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "२००९ साली घेतलं होतं विणायला. तुम्ही ऑफिसरची परीक्षा पास झालात आणि मध्य प्रदेशात नेमणूक होणार म्हणत होते, तेव्हा. तिकडे थंडी असते ना! पाठ झाली, एक बाही झाली, आणि तुम्ही प्रमोशन नाकारून आलात. मग ठेवून दिलं ट्रंकेत."

सतरा वर्षे ते स्वेटर ट्रंकेत होते. मी प्रमोशन नाकारले, तेव्हा सगळ्यांना सांगितले की आईला सोडून कसे जायचे. लोकांनी कौतुक केले, श्रावणबाळ म्हणाले. तिने काहीच म्हटले नव्हते. ती फक्त "बरं" म्हणाली होती आणि मी ते "बरं" जमेच्या बाजूला लिहून टाकले होते.

"आईचं नाव मी पुढे केलं," मी म्हणालो. एका बाकावर, समोरासमोर, गाडी थांबलेली. पळायला जागा नव्हती. "खरं म्हणजे मी घाबरलो होतो. नवं गाव, नवी भाषा, केबिनमध्ये बसून सह्या करायच्या. मला काउंटरच बरा वाटला."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आईंनाही माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तुम्ही घरी आलात की पासबुकासारखे बंद. आणि गाडी चालवताना तुमच्याशी बोललं की तुम्ही 'कुठे?' म्हणता."

समोरून गाडी आली, धडधडत गेली. आमची हलली. राजापूर रोड, वैभववाडी, कणकवली करत कुडाळ आले, तेव्हा आम्ही अजून बोलतच होतो. नेमके काय बोललो, ते इथे लिहीत नाही. त्याचे व्हाउचर ठेवलेले नाही.

लग्नाहून परत येऊन मी वही काढली. दोन्ही रकाने पुन्हा पाहिले. भाडे, विमा, पास, आरक्षण, सगळे होते. मोटार चालवणारा माणूस प्रवासाला जातच नाही, तो फक्त गाडी पोचवतो, हे मात्र कुठल्याही रकान्यात नव्हते. मी निकाल लिहिला : रेल्वे. मेहुण्यांना कळवले. ते म्हणाले, "भाऊजी, स्वातंत्र्य घालवलंत!" मी म्हणालो, "हो, दोन पास काढले." भाचा म्हणाला, "मामा, फारच उशीर केलात ठरवायला. पण एक दिवस माझी गाडी काढू, डोंगरात जाऊ. मी चालवीन." ती सूचना मी तातडीने मंजूर केली. मागच्या सीटवर खिडक्या दोन असतात.

अण्णांना पोस्टाच्या पिवळ्या बसचा फोटो आणायचे कबूल केले आहे. आईजवळ ताई येऊन राहणार आहे. बादल्या मोजून ठेवल्या आहेत, सात आहेत.

स्वेटर मात्र अडले. दुसरी बाही झाली, पुढचा भाग झाला, गुंड्या लागल्या, आणि काल संध्याकाळी ते माझ्या अंगावर चढवून पाहिले. बाह्या बरोबर, खांदे बरोबर. पण मधे २००९ सालचा माणूस आणि आजचा माणूस यांच्यात चार बोटांचे अंतर पडले. गुंडी काजापर्यंत पोचेना. सौ.ने सुईने अंतर मोजले, सुस्कारा सोडला आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या वाढवायच्या ठरवल्या.

म्हणून अंदाजपत्रकात शेवटची नोंद आज सकाळी केली : करडी लोकर, दोन गुंडे. नावे टाकली. दुकानदार म्हणाला, रत्नागिरीत एप्रिलमध्ये लोकर मागणारे तुम्ही पहिलेच.